रोग नव्हे, रोगी पाहा: टोकियोच्या जिकेई वैद्यकीय विद्यापीठाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी वैद्यकशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे टोकियो विद्यापीठापलीकडे फारसं कुणी जात नाही. जिकेईचं नाव घेतलं की मात्र प्रश्नांची रांग लागते: हे कोण, कधीचं, आणि त्या तांदळाच्या गोष्टीचा याच्याशी काय संबंध? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती गोष्ट दोन ओळींत सांगण्यासारखी नाही.

"जिकेई" हे कुणाचं नाव आहे का?

नाही, ते कुणा व्यक्तीचं नाव नाही. दोन चित्राक्षरांचा हा शब्द आहे. "जि" हे अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरात आपल्या "मैत्री" या शब्दासाठी वापरलं गेलं, मैत्री-करुणा या जोडीतली मैत्री. "केई" म्हणजे कृपा, उपकार. दोन्ही मिळून दयाभावानं केलेली मदत. गरिबांसाठी काढलेल्या रुग्णालयाला १८८७ मध्ये सम्राज्ञी शोकेन यांचा आश्रय मिळाला, तेव्हा हे नाव आलं. पुढे रुग्णालयाचं नाव विद्यालयालाही लागलं. आजचं पूर्ण जपानी नाव "तोक्यो जिकेईकाई इका दाइगाकु". टोकियोच्या मिनातो विभागात, निशी-शिंबाशी इथं, आतागो टेकडीजवळ त्याचा मुख्य परिसर आहे.

हे जपानमधलं सगळ्यात जुनं वैद्यकीय विद्यालय आहे का?

"सगळ्यात जुनं" कशाला म्हणायचं यावर ते अवलंबून आहे. सातो ताइझेन यांनी एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, १८३८ साली डच वैद्यकाची शाळा काढली. तिच्यातून पुढे आजचं जुंतेंदो विद्यापीठ उभं राहिलं. नागासाकीत पोंपे व्हान मेर्डरव्होर्ट या डच नौदल डॉक्टरनं १८५७ मध्ये पद्धतशीर पाश्चात्त्य वैद्यक शिकवायला सुरुवात केली. या दोघांच्या मानानं जिकेई धाकटं. त्याची सुरुवात १ मे १८८१ ची, "सेईइकाई कोशूजो", म्हणजे सेईइकाई या डॉक्टरांच्या मंडळाची शाळा, या नावानं.

तरी जिकेईचं एक स्थान पक्कं आहे. १९०३ मध्ये नवा कायदा आला आणि अनेक खासगी वैद्यकशाळांपुढे प्रश्न उभा राहिला. साइसेई गाकुशा ही त्या काळची मोठी खासगी शाळा त्याच वर्षी बंद पडली. जिकेईला मात्र "वैद्यकीय विशेष विद्यालय" हा दर्जा मिळाला, आणि असा दर्जा मिळवणारी ती पहिली खासगी संस्था ठरली. १९२१ मध्ये ती विद्यापीठ झाली. दोनच वर्षांनी, १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत इमारती जळाल्या. त्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

संस्थापक कोण होते?

ताकाकी कानेहिरो. जन्म १८४९, क्युशू बेटावरच्या आजच्या मियाझाकी शहराच्या हद्दीतला. वडील अगदी खालच्या दर्जाचे सामुराई. सुतारकाम करून घर चालवायचे. मुलाला वैद्यक शिकायचं होतं. तो कागोशिमाला गेला आणि बोशिन या जपानमधल्या यादवी युद्धात सैन्याबरोबर वैद्य म्हणून फिरला. गोळ्यांनी फाटलेल्या जखमांवर पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेले डॉक्टर काय करू शकतात आणि आपल्याला काय येत नाही, हे त्यानं तिथं डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर कागोशिमात विल्यम विलिस या ब्रिटिश डॉक्टरकडे तो पुन्हा पहिल्यापासून शिकला.

१८७२ मध्ये ताकाकी नौदलात गेले. १८७५ ते १८८० ही पाच वर्षं त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय शाळेत काढली. हे तेच रुग्णालय, जिथं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका शाळा १८६० पासून चालू होती. ताकाकींनी पुढे जे काही उभं केलं, त्यातलं बरंचसं त्यांनी या पाच वर्षांत वॉर्डात उभं राहून पाहिलेलं होतं.

सरकारी विद्यापीठ असताना वेगळी शाळा काढायची गरज काय होती?

सम्राट मेइजींच्या नव्या सरकारनं १८७० च्या सुमारास ठरवून टाकलं की जपानी वैद्यक जर्मन धर्तीवर चालेल. १८७१ मध्ये दोन जर्मन लष्करी डॉक्टर टोकियोत शिकवायला आले, आणि टोकियो विद्यापीठाचं वैद्यक जर्मन भाषेत, जर्मन पद्धतीनं उभं राहिलं. त्या काळी प्रयोगशाळेत जर्मनीचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळे निर्णय वेडगळ मुळीच नव्हता. पण त्यात एक बाजू राहून गेली. प्राध्यापक व्यासपीठावर, विद्यार्थी बाकांवर, आणि रुग्ण हा शिकवण्याचा नमुना, असं ते सगळं होत गेलं. विलिससारख्या ब्रिटिश डॉक्टरला राजधानी सोडून दूर कागोशिमाला जावं लागलं ते याच निर्णयामुळे.

नौदल मात्र ब्रिटिश वळणाचं राहिलं. लंडनला जाण्याआधी ताकाकी नौदलाच्या वैद्यकीय शाळेत विल्यम अँडरसन यांच्याकडे शिकले होते, आणि अँडरसनही सेंट थॉमसचेच. खाटेशेजारी उभं राहून शिकायचं, रुग्णाशी बोलायचं, तो काय करतो, काय खातो हे विचारायचं, हे ताकाकींच्या अंगात मुरलेलं होतं. ब्रिटिश पद्धतीनं शिकवणारी, केइओ या खासगी शिक्षणसंस्थेची वैद्यकशाळा १८८० मध्ये बंद पडली. तिचे प्रमुख मात्सुयामा तोआन आणि नुकतेच लंडनहून परतलेले ताकाकी एकत्र आले. जानेवारी १८८१ मध्ये त्यांनी "सेईइकाई" हे डॉक्टरांचं मंडळ काढलं आणि मे महिन्यात शाळा. वर्ग संध्याकाळी भरायचे, कारण शिकवणारे बहुतेक नौदलाचे डॉक्टर आणि दिवसा ते ड्यूटीवर. दिवसभर रुग्ण पाहून आलेला माणूस रात्री दिव्याखाली तेच शिकवतो आहे, हे चित्र मला या संस्थेच्या सगळ्या इतिहासात फार मोलाचं वाटतं.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, रुग्णालयही सुरू झालं. "इच्छुकांनी मिळून काढलेलं टोकियो रुग्णालय" असा त्याच्या पहिल्या नावाचा अर्थ होतो. ते गरिबांसाठी होतं, आणि त्याचा खर्च देणग्यांवर चालायचा.

बेरीबेरी हा काय आजार, आणि तो जपानमध्येच एवढा का?

जपानीत त्याला "काक्के" म्हणतात. सुरुवात पायांपासून होते. पाय जड होतात, बधिर होतात, मुंग्या येतात. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो आणि तो लवकर भरून येत नाही. गुडघ्याखाली हातोडीनं ठोकलं तर पाय उडत नाही. पुढे चालताना पाऊल लोंबकळतं, धाप लागते, आणि एखाद्या दिवशी हृदय अचानक थांबतं. तरुण, धडधाकट माणसंही अशी जायची.

आज आपल्याला कारण माहीत आहे: थायामिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. तांदळात ते कोंड्यात आणि कोंबात असतं. सडून-पॉलिश करून दाणा मोत्यासारखा केला की ते कोंड्याबरोबर निघून जातं. शरीराला पिष्टमय अन्न जाळायला थायामिन लागतं. त्यामुळे भात जितका जास्त, तितकी थायामिनची गरज जास्त, आणि पांढऱ्या भातात ते जवळजवळ नाहीच.

खेड्यातला जपानी शेतकरी जव, बाजरीसारखी धान्यं आणि कमी सडलेला तांदूळ खायचा. शहरात पांढरा भात ही श्रीमंती होती. गावाकडचे सामुराई एदोत आले की त्यांचे पाय जायचे आणि गावी परतले की बरे व्हायचे. म्हणून या आजाराला "एदोची व्याधी" असं नावच पडलं होतं. शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, इएमोची १८६६ मध्ये याच आजारानं गेला, त्याची पत्नी काझुनोमियाही १८७७ मध्ये. राजवाड्यातल्यांना जो भात मिळायचा, तो आता नव्या नौदलात भरती झालेल्या गरिबाघरच्या पोरांनाही मिळू लागला होता. पोटभर पांढरा भात मिळतो म्हणून ती भरती व्हायची, आणि तोच भात त्यांना मारत होता.

ताकाकींनी कारण कसं शोधलं? दोन जहाजांची गोष्ट नेमकी काय आहे?

लंडनहून आल्यावर ताकाकींनी आकडे काढायला सुरुवात केली. कुठल्या जहाजावर किती आजारी, कुठल्या ऋतूत, कुठल्या बराकीत, कुठल्या हुद्द्यावर. हवा, कपडे, राहण्याची जागा यांवरून काही हाती लागेना. पण अधिकाऱ्यांमध्ये आजार कमी आणि साध्या खलाशांमध्ये जास्त, हे दिसलं. फरक ताटात होता.

मग त्यांनी ताटाच्याही मागे जाऊन पाहिलं, आणि माझ्या मते खरी चमक इथं आहे. नौदल खलाशांना जेवणासाठी रोख पैसे द्यायचं. खलाशी त्यातले पैसे वाचवून घरी पाठवायचे आणि स्वतः भातावर, थोड्याशा तोंडीलावण्यावर भागवायचे. म्हणजे आजाराचं मूळ पगाराच्या पद्धतीतही होतं. ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यासाठी खलाशाला "बाबा, तू जेवतोस काय, आणि असं का?" हे विचारावं लागतं.

डिसेंबर १८८२ मध्ये "र्‍यूजो" हे प्रशिक्षण जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई असा फेरा मारायला निघालं. जहाजावर ३७६ माणसं होती. त्यातल्या १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण मेले. होनोलुलूला पोचेपर्यंत जहाज चालवायला माणसं पुरेनाशी झाली. तिथं जुना शिधा बदलून मांस आणि भाजी घेतली, आणि माणसं सावरली.

ताकाकींना यातून प्रयोग दिसला. दुसरं जहाज त्याच मार्गानं पाठवायचं आणि फक्त जेवण बदलायचं. हे म्हणायला सोपं होतं. मांस, पाव, आटवलेलं दूध, डाळी-शेंगा हा शिधा महाग होता आणि नौदलाकडे पैसे कमी होते. त्यांनी मंत्र्यांना गाठलं, १८८३ च्या अखेरीस थेट सम्राट मेइजींपुढे जाऊन आपलं म्हणणं मांडलं. सम्राटांना स्वतःलाही या आजाराचा त्रास होता. फेब्रुवारी १८८४ मध्ये "त्सुकुबा" हे जहाज ३३३ माणसं घेऊन निघालं. मार्ग तोच, दिवसही साधारण तेवढेच. एकही माणूस बेरीबेरीनं गेला नाही. आजारी पडले ते जेमतेम पंधराच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेकांनी मांस किंवा दूध तोंडात घेतलं नव्हतं.

हे जहाज बंदराबंदरातून परत येईपर्यंतचे नऊ महिने ताकाकींनी कसे काढले असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. आजार तसाच झाला असता तर त्यांचं म्हणणं तिथंच संपलं असतं, आणि त्या खलाशांच्या जिवाचा भार त्यांच्यावर राहिला असता.

पुढे एक अडचण आली. खलाशांना पाव आवडेना. काही जण तो समुद्रात फेकायचे. तेव्हा ताकाकींनी आपला हेका सोडला. १८८५ पासून तांदळात निम्मे जव मिसळायला सुरुवात झाली. जवाचा भात खेड्यातल्या पोरांना ओळखीचा होता, आणि स्वस्तही. १८८३ मध्ये नौदलातल्या दर शंभरांत सुमारे २३ जण बेरीबेरीनं आजारी पडले होते. १८८५ मध्ये संपूर्ण नौदलात मिळून ४१ रुग्ण झाले आणि मृत्यू एकही नाही.

म्हणजे जीवनसत्त्वांचा शोध ताकाकींनी लावला?

नाही. असं सांगितलं जातं तेव्हा त्यांच्यावर प्रेम असणाऱ्यांनीच ते दुरुस्त करायला हवं. ताकाकींची कल्पना अशी होती की अन्नात प्रथिनं कमी आणि पिष्ट जास्त झालं की बेरीबेरी होतो. नत्र आणि कर्ब यांचं प्रमाण १ ला १५ असावं, असं ते म्हणत. हा सिद्धान्त चुकीचा होता. त्यांच्या शिध्यात थायामिनही आपोआप वाढलं होतं, म्हणून माणसं वाचली.

खरा धागा पुढे इतरांनी पकडला. जावामध्ये आइकमान या डच डॉक्टरांना पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांमध्ये तसाच आजार दिसला. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी तांदळाच्या कोंड्यातून तो घटक वेगळा काढला. लवकरच काझिमिर फुंक या पोलिश जीवरसायनशास्त्रज्ञांनी "व्हिटॅमिन" हा शब्द दिला. आइकमान यांना १९२९ चं नोबेल मिळालं. तोवर ताकाकींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचा मृत्यू १९२० चा. अंटार्क्टिकात एका भूशिराला मात्र त्यांचं नाव आहे, आणि आसपासच्या जागांना जीवनसत्त्वांवर काम करणाऱ्या इतर शास्त्रज्ञांची नावं आहेत.

लष्करानं त्यांचं का ऐकलं नाही?

लष्कराचे डॉक्टर जर्मन पठडीतले. त्यांना जंतू हवा होता. १८८५ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या ओगाता मासानोरी यांनी बेरीबेरीचा जंतू सापडल्याचं जाहीरही केलं. तो दावा टिकला नाही. लेखक म्हणून प्रसिद्ध असलेले मोरी ओगाई हे लष्करी डॉक्टर होते आणि पांढऱ्या भाताच्या बाजूनं ठामपणे उभे होते. त्यांच्या आक्षेपात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. ताकाकींकडे कारणाची यंत्रणा नव्हती, आणि एकाच वेळी दोन गट ठेवून केलेली तुलनाही नव्हती. ओसाकाच्या छावणीत जवाचा भात देऊन आजार कमी झाला होता, पण तो पुरावाही युद्धकाळी मानला गेला नाही.

त्याची किंमत मोठी होती. रशिया-जपान युद्धात, १९०४-०५ मध्ये, सैनिकाला रोज सहा "गो", म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम पांढरा तांदूळ मिळत होता. लष्करात सुमारे अडीच लाख माणसांना बेरीबेरी झाला आणि सत्तावीस हजारांहून जास्त गेली. त्याच युद्धात नौदलात हा आजार नावापुरता होता. जव मिसळण्याचा हुकूम लष्करात मार्च १९०५ मध्ये निघाला. त्याच वर्षी ताकाकींना सरदारकी मिळाली, आणि लोक त्यांना "जवाच्या भाताचे सरदार" म्हणू लागले. प्रेमानंच.

परिचारिकांचं शिक्षण तिथं कधी सुरू झालं?

१८८५ मध्ये, आणि ती जपानमधली परिचारिकांची पहिली शाळा मानली जाते. डॉक्टर कितीही चांगला असला तरी दिवसाचे चोवीस तास रुग्णाशेजारी परिचारिका असते, हे ताकाकींनी सेंट थॉमसमध्ये पाहिलं होतं. जपानमध्ये तेव्हा रुग्णसेवा म्हणजे अशिक्षित नोकरमाणसांचं काम समजलं जाई.

पैसे उभे राहिले ते एका वेगळ्याच रस्त्यानं. ओयामा सुतेमात्सु या अमेरिकेत व्हासार कॉलेजमधून पदवी घेऊन आलेल्या. पदवी मिळवणाऱ्या पहिल्या जपानी स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी अमेरिकेत थोडं परिचारिकेचं शिक्षणही घेतलं होतं. रुग्णालय पाहायला आल्या तेव्हा इथं प्रशिक्षित परिचारिका का नाहीत, हे त्यांना खटकलं. जून १८८४ मध्ये त्यांनी इतर प्रतिष्ठित स्त्रियांना जमवून रोकुमेइकान या पाश्चात्त्य थाटाच्या वास्तूत तीन दिवसांची धर्मादाय विक्री भरवली. घरंदाज बायका दुकान मांडून बसल्या आहेत, हे टोकियोनं तोवर पाहिलं नव्हतं. मिळालेले पैसे परिचारिका शाळेसाठी गेले. पहिल्या विद्यार्थिनींना शिकवायला मेरी रीड या अमेरिकन मिशनरी परिचारिका होत्या.

तिथलं ब्रीदवाक्य काय आहे, आणि ते शिकवण्यात दिसतं का?

ब्रीदवाक्य असं: "रोग पाहू नका, रोगी पाहा." मूळ जपानी वाक्य फार नेटकं आहे. त्यात "पाहणे" यासाठी जे क्रियापद आहे ते डॉक्टरनं तपासण्याचं आहे. आपल्याकडे "डॉक्टरांनी पाहिलं का?" असं विचारतात, तेव्हा "पाहणं" याच अर्थानं येतं, म्हणून मराठीत ते वाक्य सहज बसतं.

जपानमध्ये बारावीनंतर सहा वर्षांचा अभ्यासक्रम असतो, आणि जिकेईतही तोच. पहिलं वर्ष चोफू शहरातल्या कोकुर्‍यो परिसरात, नंतर निशी-शिंबाशीला. वर्गात शंभराच्या आसपास मुलं. मला आवडलेली गोष्ट ही, की विद्यार्थ्यांच्या हाती स्टेथोस्कोप येण्याच्या आधीच त्यांना माणसांमध्ये पाठवलं जातं. सुरुवातीच्या वर्षांत ती अपंग व्यक्तींच्या केंद्रांवर जातात, लहान मुलांच्या सांभाळकेंद्रात जातात, घरी जाऊन सेवा देणाऱ्या परिचारिकांबरोबर फिरतात. म्हातारीला कूस कशी बदलून द्यायची, जेवण भरवताना किती थांबायचं, हे पुस्तकातून येत नाही.

पुढचा रस्ता सगळ्या जपानी विद्यापीठांसारखाच आहे. वॉर्डात जाण्याआधी संगणकावरची परीक्षा आणि प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा, मग वॉर्डातलं शिक्षण, शेवटी राष्ट्रीय परवाना परीक्षा आणि दोन वर्षांचं सक्तीचं निवासी प्रशिक्षण.

मोरिता उपचारपद्धती जिकेईची का?

हो. मोरिता मासाताके, ज्यांना शोमा मोरिता असंही म्हणतात, ते जिकेईतले मानसोपचाराचे पहिले प्राध्यापक. १९१९ च्या सुमारास त्यांनी चिंता आणि भीतीनं घेरलेल्या रुग्णांसाठी स्वतःची पद्धत बसवली. तिचे चार टप्पे आहेत: पहिला आठवडाभर एकट्यानं पडून राहायचं, वाचन नाही, गप्पा नाहीत, मग हलकी कामं, मग अंगमेहनतीची, आणि मग नेहमीच्या आयुष्यात परतायचं. भीतीशी झगडायचं नाही, ती असेल तशी असू द्यायची आणि समोरचं काम करत राहायचं, हा तिचा गाभा. "आरुगामामा", म्हणजे जसं आहे तसं, हा तिचा परवलीचा शब्द. स्वतः मोरितांना तरुणपणी अशाच भीतीनं छळलं होतं.

जपानी नौदलाच्या "करी"चा याच्याशी संबंध आहे का?

आडवळणानं आहे. शिधा बदलल्यावर मांस आणि भाजी खलाशांच्या गळी उतरवायची होती. ब्रिटिश नौदलात रुळलेली, पिठानं दाट केलेली करी भातावर घालता येत होती. १९०८ च्या नौदलाच्या पाककृती-पुस्तकात करी-भाताची कृती आहे. पीठ चरबीत परतून त्यात करी पावडर, मग मांस, कांदा, गाजर, बटाटा. आपल्या आमटी-रश्शाशी तिचं नातं दूरचं, पण नातं आहे.

आपल्याकडे कोकणात तर लोक पिढ्यान्‌पिढ्या भातच खातात. मग बेरीबेरी का नाही?

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर स्वयंपाकघरातच आहे. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात सालासकट भिजवून उकडतात, मग वाळवून सडतात. उकडताना सालाजवळचं थायामिन दाण्याच्या आत शिरतं आणि सडल्यावरही टिकतं. शिवाय पेज खायची म्हणजे शिजवलेलं पाणीही पोटात जातं, आणि थायामिन पाण्यात विरघळणारं आहे. सोबत कुळीथ, मासे. हातसडीच्या तांदळातही कोंडा बराचसा राहायचा. कुठल्याही आजीनं थायामिनचं नाव ऐकलेलं नसताना हे सगळं चालू होतं. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाकडे वळताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, एवढंच मी सुचवेन.

भारतातून एमबीबीएससाठी जिकेईला जाता येईल का?

परत येऊन भारतात डॉक्टरी करायची असेल तर हा रस्ता धरू नका. शिक्षण जपानीत, परवाना परीक्षा जपानीत. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांत परदेशी शिक्षणासाठी इंग्रजी माध्यम, किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप या अटी आहेत. माध्यमाच्या अटीवरच गाडी अडते. शिवाय खासगी विद्यापीठ असल्यानं सहा वर्षांची फी कोट्यवधी येनमध्ये जाते. जपानमध्येच स्थायिक होऊन डॉक्टर व्हायचं असेल, तर आधी भाषा आणि मग प्रवेश परीक्षा. भारतात डॉक्टर झाल्यावर संशोधनासाठी जाणं हा वेगळा विषय, आणि तो जास्त शक्य कोटीतला.

आनंदीबाई जोशींचा आणि जिकेईचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण एका छायाचित्राइतका जवळचा आहे. ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. तीन तरुणी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत: नऊवारीतल्या कल्याणच्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या ओकामी केई, आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली. ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये ते काढलेलं आहे. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन निघाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली.

मधल्या ओकामी केई १८८९ मध्ये पदवीधर झाल्या आणि जपानला परतल्या. ताकाकी कानेहिरोंनी त्यांना बोलावून घेतलं आणि जिकेईच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागाचं काम दिलं. काही वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली. सम्राटांच्या भेटीच्या वेळी बाई डॉक्टर म्हणून त्यांना मागे ठेवलं गेलं, म्हणून सोडली, अशी हकीकत सांगतात. पुढे त्यांनी आकासाकात राहत्या घरीच दवाखाना थाटला आणि नंतर स्त्रियांसाठी एक लहानसं रुग्णालयही चालवलं. १९४१ मध्ये त्या गेल्या, वयाची ऐंशी वर्षं ओलांडून.